बाहुली हवेत दिसली पाहिजे

आत्याबाईंचा फोन आला तेव्हा माझे सासरे गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. फोन स्पीकरवर होता, कारण आत्याबाई ब्राझीलहून बोलत असल्या तरी हूवेईच्या आमच्या घरातल्या मांजरापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानेच बोलतात.

"लाय," त्या म्हणाल्या, "तू आता बाहुली उडवत नाहीस."

पाणी हिंदकळलं. "काय म्हणालीस ताई?"

"उडवल्यासारखं दाखवतोस. उजव्या हातात होती, मग डाव्या हातात होती. मधे काहीच नाही. खालून लपवतोस आणि पलीकडून काढतोस. अठ्ठ्याहत्तर वर्षं म्हणजे कमी नव्हेत, हात थकतो, मला कळतं. पण मला कशाला फसवतोस रे?"

"मी उडवतो!" सासरे ओल्या पायांनी उभेच राहिले. "मी उडवतो. ते यंत्र खातं!"

"यंत्राला बाहुल्यांची भूक लागते होय?" आत्याबाई हसल्या. "मागच्या महिन्यात आपल्या छाय-युन बाहुलीनं छत्री उघडली आणि ऐन तेव्हाच अंधार. आज अंधार झाला नाही, तर ही लबाडी. जा, पाय पूस, सर्दी होईल."

फोन ठेवला गेला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यंत्र माझ्या ताब्यातलं.

आमचा हातबाहुल्यांचा फड आहे. ट्रकच्या पाठीवर मंच उघडतो, देवळासमोर लागतो, आणि समोर माणूस नसलं तरी देवी बसलेली असते, म्हणून खेळ पुरा करायचाच. मी बाहुल्यांचे झगे शिवते. चार वर्षांपूर्वी आम्ही खेळ इंटरनेटवर थेट दाखवायला लागलो, तेव्हापासून कॉम्प्युटरही माझ्याच गळ्यात पडला. नवरा वेन-छ्वान दिवे आणि ढोल बघतो. सासरे, मास्तर उ थिएन-लाय, बाहुल्या नाचवतात.

छाय-युन ही त्यातली सगळ्यात जुनी. तिचा निळा घागरा आत्याबाईंनी साठ वर्षांपूर्वी शिवला, लग्न होऊन बोटीत बसण्याच्या आदल्या आठवड्यात. बहीणभावांनी बापाजवळ एकत्रच शिकलेला खेळ तिचाच: बाहुली उजव्या हातातून सुटते, हवेत पूर्ण कोलांटी घेते आणि डाव्या हातावर येऊन बसते. बसता बसता छत्री उघडते. त्या वेळी म्हणायच्या दोन ओळीही तिथल्याच:

छत्री उघड गं बाई, आभाळ हललं,
उजव्या हातातलं फूल डाव्यात फुललं.

उजवा आणि डावा यांच्यामध्ये जे आभाळ आहे, तेवढंच आत्याबाईंना दिसत नव्हतं. आमचा संध्याकाळचा खेळ लागतो तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, कॉफीचा कप हातात, चष्मा पुसलेला. आणि पडद्यावर फूल इथून नाहीसं होतं आणि तिथं उगवतं. कोणालाही लबाडीच वाटेल.

समुद्राच्या माझू देवीचा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. तो वर्षातला मोठा खेळ. देवळाच्या समितीनं या वेळी लाल पाकिटात आठ हजार दिले होते आणि वर लिहिलं होतं, 'प्रक्षेपण सुधारण्यासाठी'. एवढ्यात नवा कॉम्प्युटर येत नाही. जुन्याचे एक-दोन भाग येतात. कोणते, एवढाच प्रश्न. पण त्या एका प्रश्नानं आमच्या जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे उडायला लागले.

"ग्राफिक्स कार्ड," वेन-छ्वान म्हणाला. "चित्र अडखळतं, कार्ड चित्राचं. सरळ गोष्ट आहे. शिवाय देवी ढगातून उतरताना मला धूर टाकता येईल, झळाळी टाकता येईल..."

"तुला धूर हवाय म्हणून कार्ड," मी म्हटलं.

"धूर हा वेगळा मुद्दा आहे."

"प्रोसेसर," सासरे म्हणाले. त्यांना तो शब्द त्याच दिवशी शेजाऱ्याकडून मिळाला होता आणि ते तो पुन्हा पुन्हा चाखून बघत होते. "मेंदू बदला. मेंदू म्हातारा झाला की हात कितीही चांगला असू दे."

वेन-छ्वाननं आणखी एक शेंगदाणा सोलला.

मी माझ्या शिवणाच्या वहीत एक पान घेतलं. जुना झगा दुरुस्तीला आला की मी लगेच सुई घेत नाही. तो बाहुलीला घालते, बाहुली हातावर चढवते आणि तिला दोन पावलं नाचवते. कुठं ओढतंय ते बघते. फाटलेलं असतं काखेत आणि ओढत असतं खांद्यावर. काखेला कितीही ठिगळं लावा, खांदा मोकळा केला नाही तर महिन्यात पुन्हा तिथंच फाटतं. कॉम्प्युटर कुठं फाटतो ते आम्हाला दिसत होतं. ओढत कुठं होतं ते मला माहीत नव्हतं. आणि ते कळल्याशिवाय देवीच्या पाकिटातला एक पैसाही मोडायचा नाही, असं मी पानावर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर भाजीच्या दोन चाकी ढकलगाडीत घातला. भोवती दोन उशा आणि एका राक्षसाचा जुना झगा. सासरे म्हणाले, "मीही येतो," आणि माझं उत्तर यायच्या आत बूट घातले. खांद्याला पिशवी, पिशवीतून छाय-युनचं डोकं बाहेर.

"बाबा, तिला कशाला?"

"साक्षीला."

ताइचुंगपर्यंत आगगाडीत ते चाकांच्या तालावर बोटं हलवत होते. उजवा, डावा. उजवा, डावा. समोरच्या बाई आधी घाबरल्या, मग बघत राहिल्या, आणि उतरताना त्यांनी बाहुलीला टाटा केला.

स्टेशनाजवळच्या गल्लीत दुकानं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी आहेत. काचेत मेमरीच्या पट्ट्या मिठाईसारख्या मांडलेल्या, पंख्यांना निळे-जांभळे दिवे. माझ्या छातीत धडधडायला लागलं. जत्रेत बाहुल्यांचे मणी विकणाऱ्याच्या टोपलीसमोर होतं तसं: सगळंच हवं, आणि मुठीत नेमकं एवढंच.

तीन दुकानांत आम्ही गेलो. पहिला म्हणाला, "नवाच घ्या." दुसऱ्यानं ढकलगाडीत डोकावून विचारलं, "कोबी किती?" आणि स्वतःच हसला. तिसरं दुकान च्येन बाईंचं. साठीच्या, चष्म्याला साखळी, बोटांना सोल्डरिंगचे डाग. त्यांनी आधी आम्हाला स्टुलं दिली, चहा ओतला आणि मग डॉक्टरासारखं विचारलं:

"काय दुखतंय?"

मी सांगितलं. आधी अडखळतो, मग चाळीसाव्या मिनिटाला अंधार. सासऱ्यांनी सांगितलं की तो बाहुल्या खातो.

"हं. आणि तुम्हाला काय बदलायचंय?"

"नवरा म्हणतो कार्ड. बाबा म्हणतात मेंदू."

"आणि तुम्ही?"

"मला आधी तो नाचताना बघायचाय," मी म्हणाले. "कुठं ओढतंय ते."

च्येन बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरवरच्या वायरी बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "चढवा वर."

यंत्र वर चढलं. आमचा कॅमेरा लागला, पडदा लागला. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक छोटी चौकट उघडली. त्यात आकडे. "हा ताप," त्या म्हणाल्या. "आता रोजचं काम करू दे त्याला. खेळ लावा."

"इथं?" मी विचारलं.

पण सासऱ्यांनी हातात छाय-युन चढवलीसुद्धा होती. बसल्या स्टुलावरून, प्रिंटरच्या खोक्यामागून, त्यांनी खेळ सुरू केला. त्यांचा आवाज! म्हातारा राजा, लबाड प्रधान, सोळा वर्षांची मुलगी, सगळी एका गळ्यातून. शेजारच्या दुकानांतली माणसं दारात गोळा झाली. मघाचा तो कोबीवाला दुकानदारही आला.

आकडा चढत होता. सत्तर. एक्याऐंशी. नव्वद.

"असाच चालू द्या काका, थांबू नका," च्येन बाई म्हणाल्या.

शहाण्णव. आणि सासऱ्यांनी बाहुली उडवली. मी पाहिली, दुकानानं पाहिली. निळा घागरा ट्यूबलाइटखाली गर्रकन फिरला. पडद्यावर मात्र ती उजव्या हातात होती, आणि मग डाव्या हातात होती.

"खाल्लं!" सासरे ओरडले. "बघा सगळ्यांनी! खाल्लं!"

च्येन बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी तळहात यंत्राच्या मागे धरला होता, तव्याचा ताव बघतात तसा. मग बाजूला धरला. मग वर नेला. आणि वर नेलेला हात तिथंच थबकला.

यंत्राच्या डोक्यावर आमची पाकिटं होती. मक्याच्या खाऊची, हिरवी. इथं कुठल्या यंत्रावर ती नसतात? इस्पितळात, बँकेत, च्येन बाईंच्या स्वतःच्या बिलाच्या मशीनवरही एक होतं. हिरवंच हवं, पिवळं किंवा लाल ठेवलं तर यंत्र रुसतं. तारीख उलटलेलं चालत नाही. आणि कितीही भूक लागली तरी ते खायचं नाही. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' असं आहे, आणि यंत्र तसं वागतं ते त्यामुळं.

"तीन आहेत," च्येन बाई म्हणाल्या.

"हो," मी थोड्या अभिमानानं म्हणाले. "तारीख कधी उलटू दिली नाही. चार वर्षांत एकदाही."

"एक पुरतं."

"आधी एकच होतं. पण अडखळायला लागला, म्हणून दोन केली. मग बंद पडायला लागला, म्हणून तीन. आणि मोठी घेतली, सगळ्या घराला पुरतील अशी."

"आणि ही चिकटपट्टी?"

"भूकंपात पडू नयेत म्हणून. चारही बाजूंनी पक्की बसवली."

"या पाकिटांखाली काय आहे, माहीत आहे?"

"जाळी आहे."

"जाळी कशाला असते?"

माझे कान तापले. शहाण्णवच्या पुढं गेले असतील. वेन-छ्वानचं कार्ड, बाबांचा मेंदू, समितीचं पाकीट. आणि चार वर्षं मीच, माझ्या या हातांनी, त्या बिचाऱ्या यंत्राच्या नाकातोंडावर उशी दाबून बसले होते. जितकं ते गुदमरलं, तितकी मी उशी मोठी केली.

"म्हणजे काढायची ना?" मी म्हणाले.

कोणी हललं नाही. च्येन बाईंनी हात मागे घेतला. "मी नाही काढणार बाई. माझं दुकान आहे, इथं चाळीस यंत्रं आहेत."

"माझ्याकडे बघू नका," कोबीवाला म्हणाला. "माझा सर्व्हर कालच सुरू झालाय."

शेवटी सगळ्यांनी वयानं मोठ्या माणसाकडे पाहिलं. सासऱ्यांनी छाय-युन माझ्या हातात दिली, कपडे नीट केले, दोन्ही हात जोडून यंत्राला नमस्कार केला. "रागावू नका," ते राजाच्या आवाजात म्हणाले, "घालवत नाही आहोत, फक्त जागा बदलतोय. शेजारीच बसवतो." आणि नखानं चिकटपट्टी सोडवत, बाळाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी त्यांनी तिन्ही पाकिटं एकेक करून उचलली.

आतून गरम वाऱ्याचा असा लोट आला की त्यांच्या भुवया हलल्या.

"एक्याण्णव," च्येन बाई म्हणाल्या.

"शहाऐंशी," दारातून कोणीतरी.

"एकोणऐंशी!"

मग सगळं दुकानच आकडे म्हणायला लागलं, चौऱ्याहत्तर, सत्तर, अडुसष्ट. जणू पतंग उतरत होता आणि सगळ्यांच्या हातात दोरी होती. पासष्टवर तो थांबला, आणि टाळ्या पडल्या. कशाला, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

"मेंदू ठणठणीत आहे," च्येन बाई सासऱ्यांना म्हणाल्या. "म्हातारा आहे, पण ठणठणीत."

"मी म्हणतच होतो," सासरे म्हणाले.

पुन्हा खेळ लावला. आता ताप चढला नाही, पण चित्र एकदोनदा अजून अडलंच. आता मी कोपऱ्यातली चौकट स्वतः वाचायला लागले होते. च्येन बाईंनी फक्त बोट दाखवलं. मेमरी काठोकाठ भरलेली, त्यामुळं सगळा भार जुन्या फिरत्या डिस्कवर, आणि ती धापा टाकत होती. चौथी ओळ जवळजवळ रिकामी.

"ही कोण?" मी विचारलं.

"तुमचं ग्राफिक्स कार्ड. सावलीत बसून भोपळ्याच्या बिया फोडतंय."

तेवढ्यात फोन वाजला. वेन-छ्वान.

"कार्ड घेतलंस?"

"नाही."

"का? संपली? गल्लीच्या टोकाला जुन्या मालाचं दुकान आहे, तिथं बघ, एक मस्त..."

"ऐक. कार्डाला काही काम नाहीये. अडतंय मेमरीत आणि डिस्कमध्ये. मी बघितलं डोळ्यांनी."

"पण धूर? मी समितीला ढग कबूल केलेत, थाओ!"

"देवी इतकी वर्षं ढगाशिवाय उतरतेय. या वर्षीही उतरेल."

सासऱ्यांनी फोनजवळ तोंड नेलं. "धूर हवा असेल तर देवळात उदबत्त्या कमी आहेत का? पंखा घेऊन उभा राहा."

पलीकडे त्यानं ढोलावर दोनदा बोट आपटलं. मग, "बरं. पण मेमरी दुप्पट घे. निम्म्यावर थांबू नकोस."

"दुप्पटच घेते," मी म्हणाले, आणि मला एकदम त्याची फार माया आली.

जुन्या पण तपासलेल्या मेमरीच्या दोन पट्ट्या. एक नवी डिस्क, न फिरणारी, तळहाताएवढी. एक पंखा, जाळीखाली बसवायला. तो मी मागून घेतला, प्रायश्चित्त म्हणून. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप च्येन बाईंनी खरवडला आणि नवा लावला, त्याचे पैसे घेतले नाहीत. सगळं मिळून निम्म्याहून थोडं वर. उरलेलं मी पुढं केलं तर त्यांनी पाकीट बंद करून माझ्या हातात ठेवलं. "ते देवीचं आहे. पुढच्या वर्षी काही खरंच मोडेल, तेव्हा या."

जुन्या डिस्कवरचं नवीवर उतरेपर्यंत आम्ही डबे खाल्ले. भात, तळलेली पोर्कची फोड, अर्धं अंडं. माझ्याच्यानं बसवेना. दर दोन मिनिटांनी मी उठून बघत होते. आणि मग च्येन बाईंनी बटण दाबलं. ज्या यंत्रासमोर मी दर वेळी चहा करून, पिऊन, कप विसळून येत असे, ते मी 'अगंबाई' म्हणायच्या आत उघडून समोर उभं.

"अगंबाई," मी तरीही म्हणाले.

"आता उडवा काका."

सासऱ्यांनी उडवली. च्येन बाईंनी ते चित्रण हळू करून पडद्यावर लावलं. छाय-युन उजव्या बोटांवरून सुटली. घागरा फुलला. ती आडवी झाली, उलटी झाली, केसांतला लाल गोंडा वर राहिला आणि ती खाली. छत्रीची काडी सुटायला लागली, आणि डावा हात तिच्याखाली नावेसारखा आला.

दुकानात सगळे ओरडले. सासरे मात्र पडद्यासमोर वाकून उभे होते. "पुन्हा लावता का?" ते म्हणाले. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"काय झालं बाबा?"

"मी हिला कधी बघितलंच नव्हतं गं," ते म्हणाले. "साठ वर्षं उडवली, पण खालून. मला नुसता घागऱ्याचा घेर दिसतो. समोरून... समोरून ती अशी दिसते होय."

देवीच्या दिवशी मंचामागं, यंत्राच्या शेजारी फळीवर, एकच हिरवं पाकीट ठेवलं होतं, लहानसं, चिकटपट्टीशिवाय. चाळीसावं मिनिट आलं तेव्हा मी श्वास धरला. एकेचाळीस. पन्नास. आकडा चौसष्टवर होता. वेन-छ्वाननं ढोलावर हात ठेवला, सासऱ्यांनी त्या दोन ओळी उचलल्या, आभाळ हललं, आणि माझ्या छोट्या पडद्यावर निळं फूल एका हातातून सुटून, सगळ्या जगासमोर हवेत फिरत, दुसऱ्या हातात जाऊन फुललं.

सामान आवरायच्या आतच फोन आला. सासऱ्यांनी स्पीकर लावला. पलीकडे कपाची किणकिण झाली.

"उडवलीस," आत्याबाई म्हणाल्या.

"हं."

"घागऱ्याची किनार अजून तीच आहे. माझी."

"थाओनं जपलीय."

"पण लाय, डावा हात उशिरा आला. छत्रीच्या आधी यायला हवा, तुझा छत्रीच्या नंतर आला. बाबांनी बोटांवर छडी मारली असती. असं कसं रे उडवतोस?"

सासऱ्यांनी फोनवर तळहात ठेवला. माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा देवळाच्या दिव्यांहून उजळ होता.

"ऐकलंस का?" ते कुजबुजले. "उशीर दिसला तिला!"